सिग्नल पूर्ण, तरी पडदा काळा: एटीएससी ३.० ची एन्क्रिप्टेड चॅनेल आणि घरचा नेटवर्क ट्यूनर

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्ससमध्ये फ्रिस्कोला घर. अ‍ॅटिकमध्ये अँटेना, तिथून केबल एचडीहोमरन फ्लेक्स ४के ट्यूनरला (अँटेनाचा सिग्नल घरच्या नेटवर्कवर टाकणारा डबा), ट्यूनर राउटरला, आणि सिनॉलॉजीच्या डीएस-९२०+ या घरगुती सर्व्हरवर जेलीफिन, म्हणजे टीव्ही आणि व्हिडिओ घरभर दाखवणारा मुक्त प्रोग्रॅम. ४.१, ५.१ अशी नेहमीची चॅनेल घरभर दिसतात. १०० च्या पुढचे नंबरही यादीत येतात, पण त्यातली काही लावली की पडदा काळाच राहतो, आणि एक-दोन ठिकाणी चित्र येतं पण आवाज येत नाही. अँटेना बदलायचा, ट्यूनर परत करायचा, की एखादं सेटिंग राहून गेलंय? शिवाय आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी येणार आहेत, त्यांना एकाच रिमोटवर सगळं दिसायला हवं.

आधी सरळ उत्तर देतो. काळ्या पडद्यासाठी अँटेना बदलू नका, त्याचा काही दोष नाही. सेटिंगही राहिलेलं नाही. ती चॅनेल एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, आहेत आणि जेलीफिनकडे ती उघडायची किल्ली नाही, मिळणारही नाही. ट्यूनर परत करायचा की ठेवायचा हे मात्र तुमच्या घरावर आणि तुम्हाला नेमकं काय बघायचंय त्यावर आहे, त्याकडे शेवटी येतो.

१०० च्या पुढचे नंबर म्हणजे काय ते आधी पाहू. अमेरिकेत सध्या हवेतून दोन पद्धतींनी टीव्ही येतो. जुनी एटीएससी १.०: २००९ मध्ये पूर्ण ताकदीची अ‍ॅनालॉग केंद्रं बंद झाल्यापासून सगळे बघतायत ती. ६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात १९.३९ मेगाबिट, चित्र एमपीईजी-२ मध्ये, आवाज एसी-३ मध्ये (चित्र-आवाज दाबून लहान करायच्या या पद्धती). दुसरी एटीएससी ३.०, जाहिरातीत तिला नेक्स्टजेन टीव्ही म्हणतात. तिला एफसीसी या अमेरिकेच्या दळणवळण नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१७ मध्ये परवानगी दिली, तीही ऐच्छिक. यात चित्र एचईव्हीसी, आवाज बहुतेक ठिकाणी एसी-४, आणि सगळा माल इंटरनेटसारख्या आयपी पॅकेटमधून येतो. ही दोन्ही एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. १.० चा ट्यूनर ३.० पकडूच शकत नाही. एकाच केंद्राच्या दोन प्रती यादीत वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून एचडीहोमरन ३.० च्या प्रतीच्या नंबरात १०० मिळवतो. म्हणजे ४.१ ची नवी प्रत १०४.१ वर दिसते. कार्यक्रम बहुधा तोच असतो, कारण ३.० वर गेलेल्या केंद्राला मुख्य चॅनेल १.० वरही चालू ठेवावं लागतं.

फ्लेक्स ४के मध्ये चार ट्यूनर आहेत. चारही १.० पकडतात, ३.० मात्र त्यातले दोनच. त्यामुळे ३.० ची दोन चॅनेल चालू असताना तिसरं लागलं नाही तर ती बिघाडाची खूण नाही.

आता मूळ अडचण. नेटवर्क ट्यूनरचं सगळं सौंदर्य त्याच्या मोकळेपणात आहे. तो हवेतला सिग्नल पकडतो, त्याचा साधा डिजिटल प्रवाह करतो आणि घरातल्या ज्या प्रोग्रॅमने मागितला त्याला देऊन टाकतो. समोर व्हीएलसी आहे, कोडी आहे, प्लेक्स आहे की जेलीफिन, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ३.० वरचं एन्क्रिप्शन नेमकं या मोकळ्या देवाणघेवाणीला अडवण्यासाठी आहे. म्हणूनच आतच ट्यूनर असलेल्या मान्यताप्राप्त टीव्हीवर जे चॅनेल विनातक्रार दिसतं तेच नेटवर्क ट्यूनरवर काळं राहतं.

आतली यंत्रणा अशी चालते. केंद्र चित्राचे आणि आवाजाचे छोटे छोटे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकडा एईएस पद्धतीने कुलूपबंद करून हवेत सोडतं. सोबत एक यादी जाते: कोणते तुकडे कोणत्या क्रमाने, आणि कोणत्या क्रमांकाची किल्ली लागेल. ही यादी, चॅनेलचं नाव, नंबर हे सगळं उघडंच असतं. तुमच्या ट्यूनरने स्कॅन केल्यावर चॅनेल व्यवस्थित सापडलं, नाव आलं, सिग्नलही पूर्ण दिसला, ते यामुळेच. बंद असतो तो फक्त आतला माल. किल्ली देण्याची व्यवस्था गूगलच्या वाइडवाइनची आहे, स्ट्रीमिंगच्या अ‍ॅपमध्ये असते तीच. आणि ती कोणाला द्यायची याचे नियम एटीएससी ३.० सिक्युरिटी अथॉरिटी, म्हणजे ए३एसए, ठरवते. ही संस्था प्रक्षेपकांनी मिळून उभी केली आहे. उपकरणाच्या आत या संस्थेने मान्य केलेलं प्रमाणपत्र असेल, उलगडलेलं चित्र बाहेर कुठे सुटं मिळणार नाही याची खात्री असेल, एचडीएमआयवर एचडीसीपी (तारेतून चित्राची नक्कल होऊ न देणारं संरक्षण) असेल, तरच किल्ली मिळते.

भारतात डीटीएच वापरलेल्यांना हे पटकन कळेल. सेट टॉप बॉक्समधल्या कार्डाशिवाय चॅनेल दिसत नाही, तसंच. फरक एवढाच की तिथे कार्ड पैसे भरल्यावर चालू होतं. इथे पैसे भरायचेच नसतात, चॅनेल फुकट आहे, तरीही तुमचं उपकरण मान्यतेच्या यादीत नसेल तर ते दिसत नाही. पैसे भरून सोडवता येईल असा हा प्रश्नच नाही, आणि मला तो मुळातच चुकीचा वाटतो तो यामुळे. सार्वजनिक मालकीच्या लहरींवरून फुकट येणारा कार्यक्रम घरातल्या घरात कोणत्या पडद्यावर बघायचा हे घरच्यांनी ठरवायला हवं. प्रक्षेपकांची बाजू अशी की चोरून पुनःप्रक्षेपण करणारे थांबवायचे तर एवढं हवंच. हा वाद नवा नाही. २००३ मध्ये एफसीसीने १.० साठी ब्रॉडकास्ट फ्लॅग नावाची अशीच खूण सक्तीची करायचा नियम काढला होता. २००५ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला, कारण सिग्नल घरात पोचल्यानंतर उपकरणाने काय करावं हे सांगायचा अधिकार एफसीसीला कायद्याने दिलेला नव्हता. १.० आजही संपूर्ण उघडं आहे ते त्यामुळे. ३.० मध्ये सरकारी सक्ती नाही, प्रक्षेपक स्वतःहून कुलूप लावतात, त्यामुळे तो जुना निकाल इथे आड येत नाही.

आता जेलीफिनला, प्लेक्सला किंवा एखाद्या प्लगइनला ही किल्ली मिळेल का? जेलीफिनला तर नाहीच. ज्याचा कोड कोणीही वाचून बदलू शकतो अशा प्रोग्रॅमला ‘उलगडलेलं चित्र बाहेर सुटं जाणार नाही’ अशी हमी देता येत नाही, आणि मान्यतेची पहिली अट तीच आहे. कुलूप तोडायचे उपाय शोधू नका. १९९८ च्या डीएमसीए कायद्याच्या कलम १२०१ प्रमाणे संरक्षण मोडणं हेच मुळात बेकायदा आहे, माल फुकट असला तरी. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने तर त्या वाटेला जाऊच नये.

एचडीहोमरन बनवणारी सिलिकॉनडस्ट कंपनी स्वतःच्या अ‍ॅपमधून एन्क्रिप्टेड चॅनेल दाखवण्याच्या मागे आहे. त्याबद्दल माझा सल्ला ठाम आहे: तुमच्या हातात असलेल्या उपकरणावर, आज डाउनलोड होणाऱ्या अ‍ॅपमध्ये, तुमच्या गावचं चॅनेल डोळ्यांनी दिसेपर्यंत ते होणार असं धरून एक डॉलरही खर्च करू नका. आणि ते झालं तरी कंपनीच्या अ‍ॅपपुरतंच असेल, जेलीफिनमधून नाही. त्यातही प्रत्येक पडद्याचा प्रश्न वेगळा. वाइडवाइन अँड्रॉइडच्या जगात मुरलेलं आहे, अ‍ॅपलकडे फेअरप्ले ही निराळीच व्यवस्था. त्यामुळे फायर टीव्हीवर चाललं म्हणून अ‍ॅपल टीव्हीवर चालेलच असं नाही.

तुमच्या तक्रारीत मात्र दोन वेगळे रोग मिसळलेत. काळा पडदा हा एक. चित्र येऊन आवाज न येणं हा दुसरा, आणि त्याचा एन्क्रिप्शनशी संबंध नाही. ती चॅनेल उघडी आहेत, फक्त त्यांचा आवाज एसी-४ मध्ये आहे. एसी-४ डॉल्बीचं आहे, त्याला परवाना लागतो, आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये त्याचा आधार तोकडा आहे. एचईव्हीसी चित्र जेलीफिन सहज उलगडतो, आवाजाशी अडतो. हीच चॅनेल एचडीहोमरनच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये लावून बघा. तिथे आवाज आला तर निदान पक्कं झालं.

निदान अंदाजाने करू नका, दहा मिनिटांत खात्री होते. संगणकाच्या ब्राउझरमध्ये ट्यूनरचा आयपी पत्ता टाका, किंवा एचडीहोमरन डॉट लोकल. फर्मवेअर अद्ययावत करा आणि चॅनेलचा शोध पुन्हा एकदा चालवा. मग त्याच पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन लाइनअप डॉट जेसन उघडा. प्रत्येक चॅनेलची एक नोंद दिसेल: नंबर १०४.१, नाव, व्हिडिओकोडेक एचईव्हीसी, ऑडिओकोडेक एसी४, एटीएससी३ समोर १. ज्या नोंदीत डीआरएम (म्हणजे हेच कुलूप) समोरही १ असेल ते चॅनेल एन्क्रिप्टेड. डीआरएम नाही पण एसी४ आहे, ते मुकं चॅनेल. नोंदीच्या शेवटी चॅनेलचा पत्ता असतो, पोर्ट ५००४, शेवटी ऑटो आणि व्ही४.१ असं काहीतरी. हा पत्ता व्हीएलसीमध्ये नेटवर्क स्ट्रीम म्हणून उघडा. जेलीफिन बाजूला ठेवून थेट ट्यूनरशी बोलायचा हा सगळ्यात सोपा मार्ग. व्हीएलसीमध्ये ४.१ नीट चाललं आणि जेलीफिनमध्ये अडखळलं तर दोष जेलीफिनच्या बाजूचा. एन्क्रिप्टेड चॅनेल मागितलं की ट्यूनर प्रवाह न देता ८११ क्रमांकाची चूक परत करतो, तिचा अर्थ ‘संरक्षण आवश्यक’. ८०५ आली तर सगळे ट्यूनर गुंतलेत. या दोन क्रमांकांतला फरक लक्षात ठेवा, जेलीफिनच्या पडद्यावर दोन्हींचा संदेश सारखाच मोघम दिसतो.

चॅनेल चालू असताना ट्यूनरच्या स्टेटस पानावर तीन आकडे असतात: सिग्नल स्ट्रेंग्थ, सिग्नल क्वालिटी, सिंबल क्वालिटी. यातला तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. तो सतत १०० टक्के हवा. मधूनच ९० वर, शून्यावर असा उड्या मारत असेल तर चित्राचे चौकोन फुटतात, आवाज तुटतो. तो १०० वर स्थिर असून पडदा काळा असेल तर अँटेनाकडे बघायचं कारण उरत नाही.

म्हणजे लक्षणावरून रोग असा ओळखायचा: यादीत आहे, सिंबल क्वालिटी पूर्ण, पण काहीच दिसत नाही तर एन्क्रिप्शन. चित्र आहे, आवाज नाही तर एसी-४. चित्र फुटतंय तर सिग्नल. ट्यूनरच सापडत नाही तर नेटवर्क.

तुमच्या घरात आता काय करायचं? ट्यूनरच्या वेबपानावर चॅनेलच्या यादीत प्रत्येक नंबराशेजारी एक खूण असते. तिच्यावर क्लिक केलं की पिवळा तारा येतो, म्हणजे आवडतं. पुन्हा क्लिक केलं की लाल फुली, म्हणजे बंद. १०० च्या पुढच्या सगळ्या एन्क्रिप्टेड चॅनेलवर लाल फुली मारा. रोज बघायच्या वीस-पंचवीस चॅनेलना तारा द्या. मग जेलीफिनच्या डॅशबोर्डमध्ये लाइव्ह टीव्हीखाली ट्यूनरच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त आवडत्या चॅनेलपुरतं मर्यादित ठेवायचा पर्याय निवडा आणि गाइड, म्हणजे कार्यक्रमांचं वेळापत्रक, नव्याने भरून घ्या. यादी लहान झाली की अर्धा गोंधळ मिटतो. प्लेक्स असेल तर ट्यूनर जोडतानाच नको त्या चॅनेलची खूण काढता येते. प्लेक्समध्ये थेट टीव्हीसाठी प्लेक्स पास ही वर्गणी लागते, एम्बी या तशाच प्रोग्रॅमला प्रीमियर. जेलीफिन फुकट आहे, पण गाइडची सोय स्वतः करावी लागते. शेड्यूल्स डायरेक्टची वार्षिक वर्गणी त्यासाठी उपयोगी पडते.

इथे १.० बद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आई-बाबांचा रोजचा अनुभव तिच्यावर ठरणार आहे. १.० चं चित्र एमपीईजी-२ असतं. एनबीसी, सीबीएसवाले १०८०आय पाठवतात, म्हणजे आड-एक ओळींचं. एबीसी, फॉक्स ७२०पी. ब्राउझर आणि बऱ्याच फोनना एमपीईजी-२ थेट चालवता येत नाही, मग जेलीफिन ते त्याच क्षणी एच.२६४ मध्ये बदलून देतो. तुमच्या डीएस-९२०+ मध्ये इंटेलचा सेलेरॉन जे४१२५ आहे, त्यात क्विक सिंक (व्हिडिओचं रूपांतर करायची चिपमधलीच सोय) आहे, त्यामुळे प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ट्रान्सकोडिंग चालू केलं तर काम निभतं. ते बंद राहिलं तर एका १०८०आय चॅनेललाच प्रोसेसर घामाघूम होतो, आणि दोष मात्र अँटेनाला दिला जातो. सोबत डीइंटरलेसिंगही (त्या आड-एक ओळी जुळवणं) चालू ठेवा, नाहीतर पळणाऱ्या खेळाडूच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. टीव्हीला फायर टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्हीचा डबा लावून तिथलं जेलीफिन अ‍ॅप वापरलं तर बहुधा रूपांतराची गरजच पडत नाही, मूळ प्रवाह जसाच्या तसा चालतो.

रेकॉर्डिंगला जागा किती लागेल तेही मोजून ठेवा. १२ मेगाबिटचं एचडी चॅनेल तासाला साधारण ५.४ जीबी खातं. साडेतीन तासांचा फुटबॉलचा सामना १९ जीबीच्या आसपास. ट्यूनर आणि सिनॉलॉजी दोन्ही केबलनेच राउटरला जोडा. चारही ट्यूनर १.० चा अगदी पूर्ण पट्टा ओढत असले तरी बेरीज ७८ मेगाबिटच्या आत राहते, साधी १०० मेगाबिटची तार पुरते. वायफायवर सरासरी वेग भरपूर असला तरी क्षणभराची खंड पडते आणि थेट टीव्हीला तीच नडते. आई-बाबांचा टॅब गेस्ट वायफायवर जोडू नका. एचडीहोमरनचं अ‍ॅप ट्यूनरला यूडीपी पोर्ट ६५००१ वर हाक मारून शोधतं, आणि ती हाक गेस्ट नेटवर्कमधून किंवा व्हीपीएनमधून पलीकडे जात नाही.

आई-बाबांसाठी माझा सल्ला: त्यांच्या खोलीत एकच डबा, त्यावर एचडीहोमरनचं स्वतःचं अ‍ॅप, यादीत फक्त तारा दिलेली चॅनेल. जेलीफिन तुमच्या रेकॉर्डिंगसाठी ठेवा. थेट चॅनेल बदलताना स्वतःचं अ‍ॅप चटकन प्रतिसाद देतं, आणि चुकून १०४.१ लागून ‘टीव्ही बिघडला’ असं होत नाही.

अँटेना या प्रश्नात निर्दोष आहे असं म्हटलं, पण तुम्ही विचारलंच आहे तर फ्रिस्कोपुरतं एवढं सांगायलाच हवं. डॅलसच्या मोठ्या केंद्रांचे मनोरे शहराच्या नैऋत्येला सीडर हिलला एकत्र आहेत. फ्रिस्कोपासून ते सुमारे ४० मैल, दिशा दक्षिण, किंचित पश्चिमेकडे. सगळं एकाच दिशेला असल्यामुळे एका दिशेचा, लांब दांड्याचा अँटेना इथे उत्तम. दोन गोष्टींत लोक फसतात. पहिली, डब्ल्यूएफएए, म्हणजे चॅनेल ८, खरोखरच ८ व्या पट्ट्यावर, १८० ते १८६ मेगाहर्ट्‌झवर येतं. हा व्हीएचएफचा, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या लांब लहरींचा, भाग. खिडकीला चिकटवायचे पातळ अँटेने आणि फक्त यूएचएफसाठी बनवलेले अँटेने इथे कमी पडतात. बाकी सगळं लख्ख आणि ८ एकटं फुटतंय असं झालं तर कारण हेच. स्वस्त एलईडी दिव्यांचा गोंगाटही याच पट्ट्यात जास्त बोचतो, दिवे बंद करून सिंबल क्वालिटी बघा. दुसरी गोष्ट तुमच्या छताची. टेक्ससमधल्या नव्या घरांत उन्हापासून बचावासाठी छताच्या फळ्यांना आतून अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत थर असतो, त्याला रेडियंट बॅरियर म्हणतात. तो उष्णता परतवतो तसा टीव्हीचा सिग्नलही परतवतो. टॉर्च घेऊन अ‍ॅटिकमध्ये वर बघा. फळ्या चंदेरी दिसल्या तर अँटेना कितीही महागडा घ्या, तो आत निम्म्या ताकदीनेही चालणार नाही. तो बाहेर, छपराच्या कडेला किंवा भिंतीवर लावावा लागेल. बाहेर लावलात तर खांब आणि केबल दोन्हींना अर्थिंग करून घ्या. केबल आरजी-६. स्प्लिटर मध्ये घालू नका, दोन फाट्यांचा स्प्लिटर साडेतीन डेसिबल खातो, चार फाट्यांचा सातच्या आसपास. चार ट्यूनरना एकच केबल पुरते हा या डब्याचा मोठा फायदा आहे, तो घालवू नका.

एन्क्रिप्टेड ३.० बघायचंच असेल तर आज खात्रीचा मार्ग एकच: मान्यताप्राप्त डबा, एका टीव्हीला एक. एडीटीएचचा, झिनवेलचा, किंवा रेकॉर्डिंग करणारा झॅपरबॉक्स. खोक्यावर नेक्स्टजेन टीव्हीची मान्यता आणि सुरक्षेची वेगळी खूण दोन्ही आहेत का ते बघा. पहिली खूण असून दुसरी नसेल तर पडदा काळाच राहायचा. असा डबा चालायला काही वेळा इंटरनेट लागतं, आणि त्यावर केलेलं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं, ते काढून सिनॉलॉजीवर ठेवता येत नाही. एचडीसीपी न मानणारा जुना टीव्ही किंवा कॅप्चर कार्ड जोडलं तरी चित्र येणार नाही. एवढं करून मिळतं काय? बहुतेक केंद्रांवर १०८०पी, काही ठिकाणी एचडीआर, आणि सिग्नल कमकुवत असेल तिथे जास्त तग धरणारी पकड. खरा ४के मजकूर फारच थोडा. ज्यांच्याकडे १.० फुटतं आणि ३.० टिकतं त्यांना डब्याचा उपयोग आहे. तुमच्याकडे १.० स्वच्छ येतंय, तुम्हाला दिवाणखान्यातल्या टीव्हीसाठी हौस म्हणून घ्यायचा तर घ्या, गरज नाही.

मग फ्लेक्स ४के ठेवायचा का? परत करायची मुदत शिल्लक असेल आणि तुमच्या भागातली ३.० ची चॅनेल बहुतेक एन्क्रिप्टेड असतील, तर त्याच कंपनीचा फ्लेक्स क्वाट्रो स्वस्तात तेच काम करतो: चार ट्यूनर, चारही १.०. तुमच्या भागातली स्थिती रॅबिटइअर्स या साइटवर दिसते, कोणतं केंद्र ३.० वर आहे, कोणत्या खऱ्या पट्ट्यावर, कोणाच्या मनोऱ्यावरून, आणि कुलूप आहे का. ३.० मध्ये अनेक केंद्रं एकाच मनोऱ्यावर भाड्याने राहतात, म्हणून पडद्यावरचा नंबर आणि खरा पट्टा यांचा मेळ लागेलच असं नाही. मुदत संपली असेल तर फ्लेक्स ४के निमूटपणे १.० चा ट्यूनर म्हणून वापरा, त्या कामात तो कुठेही कमी नाही. मुकी पण उघडी असलेली चॅनेल त्याच्या अ‍ॅपमध्ये बघायला मिळतील ती वरकड.

तारखांवर लक्ष ठेवा. १.० वरची प्रत ३.० सारखीच असली पाहिजे ही अट १७ जुलै २०२७ पर्यंत आहे. प्रक्षेपकांच्या एनएबी या संघटनेने फेब्रुवारी २०२५ मध्ये एफसीसीकडे मागणी केली की मोठ्या ५५ बाजारपेठांत १.० फेब्रुवारी २०२८ मध्ये आणि उरलेल्या ठिकाणी फेब्रुवारी २०३० मध्ये बंद करू द्या. डॅलस त्या ५५ मध्ये अगदी वरच्या फळीत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफसीसीने दुहेरी प्रक्षेपणाची सक्ती काढण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्याच कागदात एन्क्रिप्शनबद्दलही मतं मागवली. या विषयाचा क्रमांक जीएन डॉकेट १६-१४२. एफसीसीच्या साइटवर या क्रमांकाखाली कोणालाही लिहिता येतं, नागरिकत्व लागत नाही. तिथे लिहायचंच तर तुमच्याच घरातलं लिहा: कोणता ट्यूनर, कोणतं चॅनेल, सिंबल क्वालिटी किती, चूक ८११. ‘फुकट चॅनेल फुकट ठेवा’ अशा सर्वसाधारण ओळीपेक्षा असा एक नेमका अनुभव जास्त मोलाचा असतो.

१.० बंद व्हायची पक्की तारीख जाहीर होईपर्यंत नवा ३.० चा ट्यूनर घ्यायची घाई करू नका. ती जाहीर झाली की वर सांगितलेली लाइनअप डॉट जेसनची तपासणी पुन्हा एकदा करा, आणि तेव्हा डीआरएम समोर काय दिसतंय त्यावरून पुढचा डबा निवडा.